घरी पहिला फंडरेझर करताय? आधी एवढं बघा

घाबरू नका, जमेल. अमेरिकेतल्या फेडरल (म्हणजे राष्ट्राध्यक्षपद किंवा काँग्रेससाठी उभ्या असलेल्या) उमेदवारासाठी घरी निधी जमवायचा कार्यक्रम करत असाल, तर काय पाळायचं ते मोजकंच सांगते. तारीख ठरवण्याआधी उमेदवाराच्या कॅम्पेनशी बोला.

खाणंपिणं आणि निमंत्रणं यांवर एका निवडणुकीत एका उमेदवारासाठी प्रत्येक यजमानाचा १,००० डॉलरपर्यंतचा खर्च देणगीत धरत नाहीत. नवरा-बायको दोघं यजमान असाल तर २,०००. त्यावरचा प्रत्येक डॉलर तुमची देणगी होते. घराऐवजी कम्युनिटी रूम घेतलीत तरी हेच. म्हणून किराणाची पहिली पावतीसुद्धा पाकिटात जपा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एच-१बी वरच्या मित्राकडून किंवा भारतातून आलेल्या आईबाबांकडून पैसे घेणं. चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांचे चालतात.
- चौघांची रोकड गोळा करून आपल्या नावाने एक चेक फाडणं. हा सरळ गुन्हा आहे, कितीही घाई असली तरी नको.
- कंपनीचा चेक. नाही म्हणजे नाही.

जॉइंट अकाउंटचा चेक आला तर सही बघा: ज्याची सही, त्याची देणगी. दोघांची धरायची असेल तर दोघांच्या सह्या तिथेच, टेबलावर घ्या. नंतर फोन करत बसावं लागतं.

देणगीच्या मर्यादा, रिपोर्ट वगैरे कॅम्पेनचा खजिनदार बघेल.