जिन्यावर लाकडी फळ्या बसवताय? आधी उंची मोज

अरे, सागाच्या फळ्या चांगल्या मिळाल्यात, पण बसवायची घाई नको. पावसाळ्यात तर हातच लावू नकोस. आपल्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि दिवाळीनंतर आकसतं. मग फट पडलीच म्हणून समज. फळ्या आधी घरातच, मध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे रचून ठेव.

खरी गोम उंचीत आहे. समज, फळी 25 मिमी जाडीची. सगळ्या पायऱ्यांवर बसवलीस की खालची पहिली पायरी 25 मिमीने चढी होते आणि माडीवर पोचतानाची शेवटची तेवढीच बुटकी. मधल्या सारख्याच राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही आणि माणूस नेमका त्या दोन जागीच ठेचकाळतो. खाली-वर दोन्हीकडच्या जमिनीवर तेवढाच थर येणार असेल तरच निश्चिंत राहा.

जांभ्याच्या जुन्या भिंती काटकोनात असतील या भरवशावर राहू नकोस. प्रत्येक पायरीचा पुठ्ठ्याचा साचा वेगळा काप, नंबर टाक, दोन्ही बाजूंना 2-3 मिमी मोकळे सोड. नोजिंग, म्हणजे फळीची पुढे आलेली कड, साधारण 25 मिमी पुढे काढ आणि कड गोल घास, टोकदार कड पहिली फुटते. नोजिंगची पट्टी वेगळी असेल तर गोंद आणि स्क्रू दोन्ही, आधी भोक पाडून. स्क्रू स्टेनलेसचेच, खाऱ्या हवेत साधे गंजतात आणि सागावर काळे डाग पडतात. पॉलिश फळीच्या खालच्या अंगालाही मार. सुतार ते हमखास टाळतात, उभा राहून करून घे.