नागिणीचं तोंड-शेपूट आणि हातातले तीन दिवस

प्रश्न: डॉक्टर, माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत, शुगर आहे. रविवारपासून त्यांच्या डाव्या बरगडीखाली नुसती आग आग होत होती, आम्ही घाबरून ईसीजी काढला, नॉर्मल आला. मंगळवारी रात्री पाठीपासून छातीपर्यंत पट्ट्यासारखे पाण्याचे फोड उठले. शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे, तोंड आणि शेपूट भेटलं की माणूस हाती लागत नाही, त्याआधी गावाकडे नेऊन काव लावून उतरवून आणा. सासूबाईंनी तर रडारड सुरू केलीय. घरात सात महिन्यांचं बाळ पण आहे. काय करू?
– एक सून, कराड

उत्तर: ताई, तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं की आधी दवाखान्यात न्या, पण असं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी येतंच म्हणून सगळ्यांसाठी छापतोय.

नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच व्हायरस. कांजिण्या बऱ्या होतात पण तो जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेवरून खाली कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी दोन-चार दिवस आग, ठणका, आणि मग फोड. या मधल्या दिवसांत कुणाला हार्ट वाटतं, कुणाला मुतखडा. ईसीजी काढलात ते बरंच केलंत.

आता तोंड-शेपटाचं. प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली असते, त्यामुळे पट्टा साधारण मधल्या रेषेपाशी येऊन थांबतो, विळखा पूर्ण होतच नाही. म्हणून तर मांत्रिकाची फी वसूल होते, जे होणारच नव्हतं ते मी थांबवलं म्हणायचं! फोड दोन ते चार आठवड्यांत तसेही सुकतात. पण व्हायरसवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त फायदा होतो, आणि गावाला जाऊन येण्यात नेमके तेच तास जातात. उशीर झाला असला तरी जा, नवीन फोड येत असतील तर डॉक्टर तरीही गोळ्या देतात. डोस किडनी बघून ठरतो, त्यामुळे मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका, आणि कुणी दिलेली स्टेरॉइडची ट्यूब तर फोडांवर लावूच नका.

मला खरी काळजी असते ती मागे राहणाऱ्या दुखण्याची. कातडी बरी होते पण नस दुखावलेली राहते. माझ्याकडे एक आजोबा यायचे, फोड जाऊन चार महिने झालेले, तरी बनियन घालवत नव्हता, सुती पंचासुद्धा दोन बोटांनी अंगापासून लांब धरून बसायचे आणि पंखा लावला की ओरडायचे. साठीनंतर हे जास्त होतं. याला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा पुरत नाहीत, नसांची वेगळी औषधं असतात, म्हणून दुखणं राहिलंच तर सहन करत बसू नका. आणि फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा, नजर जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं तरी तसंच, लगेच.

बाळाचं विचारलंत. सासऱ्यांपासून बाळाला नागीण होणार नाही, पण फोडांतलं पाणी लागलं तर कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा, टॉवेल वेगळा, बाळाला मांडीवर नको. कांजिण्या न झालेली गरोदर बाई घरात असेल तर तिनेही लांब राहायचं.

प्रश्न: मला मागच्या वर्षी नागीण झाली होती. परत होते का? लस घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: होते, सगळ्यांना नाही पण होते. लस भारतात २०२३ पासून मिळतेय, ५० च्या पुढच्यांसाठी, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. एकदा होऊन गेली असली तरी पूर्ण बरं झाल्यावर घेता येते. यात जिवंत व्हायरस नसतो. महाग आहे आणि सरकारी मोफत लसींमध्ये नाही, हे आधीच सांगतो. एक-दोन दिवस हात चांगलाच दुखतो, कधी तापही येतो, आणि त्याच धसक्याने लोक दुसरा डोस टाळतात. पहिला घेतला त्याच दिवशी कॅलेंडरवर दुसऱ्याची खूण करून टाका.