एच४ हॅलोजनच्या दिव्यात झेनॉन किट लावावं का?

प्रश्न थोडक्यात असा: खानापूरची गाडी, साधा रिफ्लेक्टर, एच४ हॅलोजन बल्ब, उजेड मंद. ६००० केल्विनचं (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की उजेड निळसर) झेनॉन किट बसवून मिळतंय आणि बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटातून रात्रीचं जाणं-येणं असतं. लावावं का?

या दिव्यात लावू नका. कारण बल्बमध्येच दिसतं. एच४ बल्ब डोळ्यांसमोर धरून बघा. आत दोन फिलामेंट असतात आणि पुढच्याच्या खाली पळीच्या टोकासारखी पत्र्याची इवलीशी वाटी असते. डिपरवर ही वाटी खालचा प्रकाश अडवते, उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि झोत रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. झेनॉनमध्ये फिलामेंटच नाही, दोन टोकांमध्ये वीज पेटते. तिचा आकार वेगळा, जागाही नेमकी तीच येत नाही. हॅलोजन डिपरला साधारण १००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) देतो, ३५ वॅटचा झेनॉन ३२०० च्या आसपास. म्हणजे तिप्पट उजेड, तोही विस्कटलेला. गाडीपुढचे वीस-पंचवीस फूट लख्ख दिसतात, त्यामुळे चालवणाऱ्याला बरं वाटतं. पण लांबचा रस्ता उलट काळा पडतो. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, त्या अशा काळोखात वेळेवर दिसत नाहीत. आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांवर असा विस्कटलेला झोत आला की त्याला क्षणभर काहीच दिसत नाही.

आधी होल्टेज मोजा. इंजिन चालू, डिपर चालू, कनेक्टर बल्बला लागलेलाच ठेवा आणि मागून मल्टीमीटरच्या पिना लावा. मग बॅटरीच्या टोकांवर मोजा. अर्ध्या होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरिंगमध्ये आहे. हॅलोजनचा उजेड होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो: १३.२ होल्टऐवजी १२ मिळाले तर पाव भागाहून जास्त उजेड जातो. उपाय रिलेचा (रिले म्हणजे थोड्या विजेने जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच): अपर आणि डिपर यांना एकेक ४ पिनी ३०/४० अँपिअरचा रिले, बॅटरीपासून थेट २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, बॅटरीच्या वीतभर आत १५ ते २० अँपिअरचा फ्यूज, आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर. जपानी घडणीच्या काही गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो. तिथे बाजारातला तयार हार्नेस (रिले आणि वायरींचा जोडलेला संच) तसाच लावला तर डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा बंद पडतो, म्हणून घेण्याआधी कनेक्टरवर तपासा. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा. १००/९० वॅटचे बल्ब साधा होल्डर वितळवतात आणि रिफ्लेक्टरची चकाकी जाळतात.

दिव्याची प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर ८००, १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत फिरवा, मग पॉलिशिंग कंपाउंड. वरून यूव्ही क्लिअर कोट मारलाच पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.

झोताची उंची तर बहुतेक जण बघतच नाहीत. सपाट जागा, टायरमध्ये नेमकी हवा, चालकाच्या जागेवर माणूस, दिव्याची उंची बदलणारं बटण शून्यावर. भिंत १० मीटरवर. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खूण करा आणि प्रकाशाची कडा तिच्या १० सेंमी खाली आणा. दिवा ६५ सेंमी उंच असेल तर ती कडा रस्त्याला ६५ मीटरवर भिडते. कडा २० सेंमी खाली असली की हेच अंतर निम्मं होतं. पुष्कळदा 'मंद दिवा' म्हणजे एवढाच बिघाड असतो.

इतकं करूनही झेनॉनच हवा असेल तर बल्ब नव्हे, आख्खा प्रोजेक्टर (भिंगाचा, झोताची कडा स्वतःच कापणारा दिवा) बसवा: डी२एस जातीचा झेनॉन बल्ब, ३५ वॅटचा बॅलास्ट (झेनॉन पेटवणारा वीजपुरवठ्याचा डबा), ४३०० केल्विन. केल्विन वाढतो तसे लुमेन कमी होतात, आणि निळसर उजेड डोळ्यांना जास्त खुपतो. प्रोजेक्टर आपल्याकडच्या, म्हणजे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचाच घ्या. उजवीकडून चालणाऱ्या देशांतला जुना प्रोजेक्टर स्वस्त मिळतो, पण त्याची कडा उजवीकडे वर चढते, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. प्रोजेक्टरसाठी उघडलेल्या दिव्याची काच परत चिकटवताना ब्युटाइल सीलंट सगळीकडून नीट भरा, पण हवेची नळी बुजवू नका. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात नळी बुजलेला दिवा आतून घामेजतोच. बॅलास्टचं तोंड खाली ठेवा, जिथे टायरचं पाणी उडतं तिथे तो लावू नका. पेटताना त्यात २० हजार होल्टहून जास्त दाब येतो, म्हणून काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलेलंच हवं.

कायद्याने झेनॉनचा हा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं कलम) अडकतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ झोत डोळ्यांवर येऊ न देण्याबद्दल आहे. त्यातली मापं घरीही वापरता येतात: दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर, दीड मीटर उंचीवर डोळे ठेवून डिपरकडे बघा. डोळे दिपले तर कडा अजून खाली घ्या.