बारशातल्या बाटल्या आणि ट्रंकेतली दुपटी

प्रश्न : माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. बारशाला आलेल्या भेटींमध्ये पावडर, लोशन, तेल, शाम्पू, साबण, वेट वाइप्स आणि कोलोन असे तीन संच जमले. सर्वांवर 'पॅराबेनमुक्त', 'नैसर्गिक' असे छापलेले आहे. त्यांपैकी कोणता वापरावा? की आई म्हणते त्याप्रमाणे सगळे बाजूला ठेवून घरचेच वापरावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तीन संचांतून एक निवडण्यापूर्वी, त्यातल्या किती वस्तूंची मुलीला खरोखर गरज आहे ते पाहू. या वयाच्या बाळाला अंग धुण्यासाठी एक सौम्य, बिनवासाचा साबण, अंगाला एक साधे तेल आणि लंगोटाची जागा लाल झालीच तर झिंक ऑक्साइडचे मलम, एवढे पुरते. बाकीचे ज्यांनी प्रेमाने दिले त्यांचे आभार मानून ठेवून द्यावे; बाळाच्या शाम्पूने लोकरीचे स्वेटर मात्र उत्तम धुतले जातात.

वस्तू कमी करण्याचा आग्रह धरण्याचे कारण असे, की तान्ह्या बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे अंगावर लावलेल्या पदार्थाचा शरीरात जाणारा वाटा बाळाच्या बाबतीत मोठा ठरतो. 2008 मध्ये अमेरिकेत 163 बाळांच्या लघवीची तपासणी झाली, तेव्हा ज्यांना लोशन, पावडर आणि शाम्पू लावला गेला होता त्यांच्या लघवीत थॅलेट या रसायनांचे अंश अधिक आढळले, आणि जितक्या अधिक वस्तू वापरलेल्या तितके हे प्रमाणही वाढलेले होते. आठ महिन्यांखालील बाळांत हा संबंध सर्वांत ठळक होता. त्या बाळांना त्यामुळे आजार झाला, असे या अभ्यासाने दाखवलेले नाही. परंतु काही थॅलेट शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात हे माहीत असताना केवळ वासासाठी ती अंगावर घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. थॅलेट सुगंधी मिश्रणांतही वापरले जाते, आणि वेष्टनावर मात्र त्या सगळ्या मिश्रणाच्या जागी 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' हा एकच शब्द असतो. म्हणून डब्यावर सर्वप्रथम तो शब्द शोधावा. कोलोन तर सरळ बाद करावे.

'पॅराबेनमुक्त' या शब्दाने फार हुरळून जाऊ नये. उत्पादन टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या काही पॅराबेनवर युरोपात निर्बंध आहेत, हे खरे. डेन्मार्कने 2011 मध्येच तीन वर्षांखालील मुलांच्या उत्पादनांतून प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन हद्दपार केले. परंतु पाणी असलेले कोणतेही उत्पादन टिकवायचे तर त्यात काहीतरी परिरक्षक घालावाच लागतो. पॅराबेन गेले, तेव्हा अनेक ठिकाणी मेथिलआयसोथायाझोलिनोन हे दुसरे परिरक्षक आले आणि ओल्या वाइप्समुळे ढुंगणावर व तोंडाभोवती पुरळ उठलेली मुले डॉक्टरांकडे येऊ लागली. अखेर युरोपने न धुता अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली. आपल्याकडे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे ज्या 'बदाम तेलाच्या' लोशनच्या यादीत बदाम अगदी शेवटी सापडतो, त्यात बदाम किती असेल याचा अंदाज आपणच करावा. वाइप्स प्रवासापुरत्या ठेवून घरी कोमट पाण्यात पिळलेला सुती कपडा वापरावा. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचे झाकण ओतण्याची सवयही सोडून द्यावी.

पावडरीविषयी माझे मत ठाम आहे : नको. पावडरीतील टाल्क ही खनिज भुकटी श्वासाबरोबर आत गेल्याने बाळांना गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात जुन्या आहेत, आणि 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. मक्याच्या पिठाची पावडर टाल्कविरहित असली तरी फुफ्फुसाच्या दृष्टीने तीही बारीक धूळच. शिवाय पफने भरपूर पावडर लावलेल्या बाळाची हनुवटी उचलून पाहावी. मानेच्या वळीत घाम आणि पावडर मिसळून कणकेसारख्या वळ्या झालेल्या असतात आणि त्यांच्याखालची त्वचा लालबुंद असते. तेथे हवे असते ते फक्त नीट टिपून कोरडे करणे. बोरिक पावडर तर लंगोटाच्या पुरळावर कधीही टाकू नये, कारण सोललेल्या त्वचेतून बोरिक आम्ल रक्तात जाते आणि त्याने पूर्वी बाळे दगावलेली आहेत.

आता आईच्या 'घरच्या' वस्तूंबद्दल. आपण पत्रात लिहिलेले नाही, तरीही विचारतो : मुलीची दुपटी, झबली, गोधडी जुन्या ट्रंकेतून निघाली आहेत काय, आणि त्या ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या काय? डांबरगोळीतील नॅफ्थलीन कपड्यांतून श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरात जाते, अंगाला तेल लावलेले असेल तर अधिकच. ज्या बाळात जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असते, त्याच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. असे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच घालावेत. वास जात नसेल, तर ती गोधडी कितीही मायेची असली तरी बाळाखाली घालू नये.

प्रश्न : आमच्या घरी न्हाऊ घातल्यावर बाळाला धुरी देतात, डोळ्यांत काजळ घालतात, सर्दी झाली की कापूर घालून गरम केलेले खोबरेल छातीला चोळतात. सूनबाईंना हे पटत नाही. यात तर काही रसायन नाही ना?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, कापूर हेही एक रसायनच आहे, आणि तान्ह्यांसाठी ते तीव्र आहे. तो त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो व त्यामुळे बाळांना झटके येऊ शकतात. म्हणून दोन वर्षांखाली कापूर घातलेले तेल किंवा बाम काहीच नको. नुसते खोबरेल मात्र बेलाशक लावावे, या बाबतीत आपला अनुभव आणि वैद्यकशास्त्र एकमताचे आहेत. ऑलिव्हच्या महागड्या तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण उलट बिघडते, असे दिसून आले आहे.

निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून दिलेल्या धुरीचा वास आपल्याला माहेरची आठवण देतो, मलाही देतो. पण बंद खोलीतील निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि धूर बाळाच्या नाजूक श्वासनलिकांत जातो. ही प्रथा थांबवावी, असेच मी सांगेन. सुरमा परंपरेने शिशाच्या सल्फाइडपासून बनतो आणि बाजारच्या काजळातही शिसे सापडलेले आहे. मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. तुपाच्या दिव्यावर घरी धरलेल्या काजळीत शिसे नसले, तरी बोटाने डोळ्यात घालताना जंतू जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर घरच्या काजळाची कानामागे लावावी. तळपायाला नको, कारण सहाव्या महिन्याच्या सुमारास तो पाय थेट तोंडात जातो.

प्रश्न : पाच महिन्यांच्या मुलासाठी डास पळवणारे मलम चालेल काय? रात्री कॉइल लावतो.
– एक वाचक, पणजी

उत्तर : बंद खोलीतील कॉइल आजच थांबवावी आणि मच्छरदाणी लावावी, तिची कड गादीखाली नीट खोचलेली असावी. डेंग्यूचा धोका खरा असल्यामुळे रसायनांच्या भीतीने मुलाला डासांच्या हवाली करणेही बरोबर नाही. दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डीट हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम दोन महिन्यांवरील मुलाला चालते. ते उघड्या अंगावर पातळ लावावे, हातांना, डोळ्यांना व तोंडाभोवती लावू नये आणि घरी आल्यावर धुऊन टाकावे. लेमन युकॅलिप्टसचे तेल वेष्टनावर 'नैसर्गिक' म्हणून मिरवत असले, तरी ते तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही.