दीडशे सीसीच्या गाडीत ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकावं का?

तुमची गाडी १५० सीसीची, रोज माजिवडा ते मीरा रोड, आणि पंपावरचा पोरगा म्हणतो, "साहेब, प्रीमियम टाका, पिकअप वाढेल." टाकावं का, असं तुम्ही विचारलंय, शिवाय गायमुखच्या चढावर गाडी कटकट वाजते असंही लिहिलंय. प्रीमियम माझ्या मते नको. मॅन्युअल उघडा, त्यात ऑक्टेन ९१ लिहिलं असेल तर विषय संपला.

मी हे खूळ चार महिने केलंय. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजले. ॲव्हरेज तेवढंच राहिलं. पिकअप मात्र वाढल्यासारखा वाटायचा, बहुधा पैसे मोजले होते म्हणून.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. पिस्टन वर येतो तेव्हा पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. प्लगची ठिणगी पडून जाळ पसरत असतानाच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपणहून भडकलं, की खडे वाजल्यासारखा आवाज येतो. तेच नॉकिंग. ऑक्टेनचा आकडा मोठा, तेवढं पेट्रोल असं मध्येच भडकायला नाखूष. म्हणजे मुद्दा तुमचं इंजिन मिश्रण किती दाबतं याचा. आताच्या क्लासिक ३५० चं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साडेनऊला एक आहे, केटीएम ३९० चं साडेबाराच्याही वर. दुसरीला वरचा आकडा लागणं समजू शकतो. पहिलीला कशाला?

कारमध्ये बऱ्याचदा नॉक सेन्सर असतो. नॉकिंग होत नाहीये असं दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगी जरा आधी पाडतो, त्यातून थोडा फायदा निघतो. आपल्या साध्या दीडशेत तो सहसा नसतो. ठिणगीची वेळ कंपनीने ठरवून दिलेली, तुम्ही ९९ टाकलंत तरी गाडीला पत्ता नाही.

त्यात आता पंपावर साधं म्हणून मिळतं तेही ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. सरकारच्याच सांगण्यानुसार इथेनॉलमुळे त्याचा ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेलाय. मग ९५ साठी वेगळे पैसे कशाचे? ॲडिटिव्हचे, म्हणजे वरून मिसळलेल्या रसायनांचे म्हणा हवं तर. आणि गंमत बघा, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे ऑक्टेन वाढूनही ॲव्हरेज किंचित घटतं. (अमेरिकन व्हिडिओतल्या ८७ ला घाबरू नका. त्यांची मोजायची पद्धत वेगळी, त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.)

आता तुमच्या गायमुखच्या चढावरच्या "कटकट" आवाजाबद्दल. माझीही गाडी तिथेच वाजायची आणि मी पेट्रोलला शिव्या घालायचो. वर्तकनगरच्या मेकॅनिकने मागे बसून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पाचव्यात कशाला चढवताय? गिअर पाडा की!" ट्रेलरच्या मागे तीसच्या स्पीडला टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की कुठलंही इंजिन कण्हणारच. तिसऱ्यात चढवली, निम्मा आवाज गेला. उरलेला आवाज इंजिनच्या हेडमध्ये साचलेला कार्बन काढल्यावर गेला.

तुम्हीही आधी गिअर बदलून बघा. तरी वाजली, तर टाकी रिझर्व्हला आल्यावर एकदाच दोन लिटर ९९ किंवा १०० चं टाका आणि त्याच चढावर न्या. आवाज थांबला तर गाडीला ऑक्टेन कमी पडतोय, आणि मॅन्युअलमध्ये ९१ असूनही तो कमी पडत असेल तर कार्बन साचलाय का ते आधी बघायला सांगा. थांबला नाही, तर प्लग योग्य नंबरचा आहे का तेही तपासून घ्या.