‘आपण’ ठरवलं की ‘आम्ही’ ठरवलं?

पत्र: आम्ही परदेशात राहतो. आमच्या सोळा वर्षांच्या मुलीला इथल्या शाळेत समूहवाद शिकवला. त्यात स्टालिन आणि सक्तीची सामुदायिक शेती होती. घरी येऊन ती म्हणाली, ‘आपल्याकडे दुसरं काय चालतं? कॉलेजात मी काय शिकायचं यावर सगळे बोलतात, मी सोडून.’ तिचे बाबा भडकले, ‘ही आपली संस्कृती आहे!’ तेव्हापासून दोघांत जेवढ्यास तेवढं बोलणं आहे. आम्ही तिच्या भल्याचंच ठरवलं होतं. चुकलं कुठे?

उत्तर: ताई, आधी मुलीच्या बाजूने बोलते. तिने शब्दांची गल्लत केली आहे, पण तिला बोचलं ते खरं आहे.

समूहवाद हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. संस्कृतीचा अभ्यास करणारे त्याचा अर्थ असा घेतात: माणूस स्वतःची ओळख नात्यांतून सांगतो, मी कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ. हेझेल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये हा फरक नीट मांडला. काही समाजांत ‘मी’ स्वतंत्र, सुटा मानला जातो, काही समाजांत तो इतरांत गुंतलेला असतो. यात सक्ती असेलच असं नाही. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणारी नणंद कुणाच्या हुकुमाने बसत नाही.

राजकारणातला समूहवाद निराळा. तिथे समूहाचं हित व्यक्तीपेक्षा वरचं धरतात आणि ते हित कोणतं हे बहुधा सत्ता ठरवते. स्टालिनच्या सोव्हिएत संघात 1929 च्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या जमिनी, जनावरं सामुदायिक शेतांत ओढली गेली. विरोध करणाऱ्यांना घरदार सोडायला लावून दूर पाठवलं. धान्याची सक्तीची वसुली चालूच राहिली आणि 1932-33 च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि इतर भागांत लाखो माणसं भुकेने मेली. हे सगळं ‘सर्वांच्या भल्यासाठी’ चाललं होतं. तुमच्या मुलीने हे वाचलं आणि तिच्या पोटात गोळा आला. येणारच.

पण समूहाने राहणं म्हणजे हेच, असं मात्र नाही. आजच्या इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराजवळ 1910 मध्ये देगानिया हा पहिला किबुत्झ, म्हणजे सामुदायिक वस्ती, उभा राहिला. जमीन सामाईक, कमाई सामाईक, तरी माणसं आपणहून आलेली आणि नको वाटलं तर जायला मोकळी. पुढे अनेक किबुत्झांत मुलं आईवडिलांपासून वेगळी, मुलांच्या घरात झोपत. आयांना ते सोसेना. वर्षानुवर्षं वाद झाले आणि 1990 च्या दशकापर्यंत ही पद्धत जवळपास सगळीकडे बंद पडली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एकत्र राहणाऱ्यांनी एकमेकांचं ऐकलं, नियम मोडीत काढला आणि तरी एकत्र राहिले.

बाबांनाही एक सांगायचं आहे. ‘आपली संस्कृती’ हे उत्तर झालं नाही, ते दार लावून घेणं झालं. आणि ‘इथले लोक व्यक्तिवादी, म्हणजे स्वार्थी’ हेही घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी माणसंही शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावतात. गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून कोणता देश किती व्यक्तिवादी, किती समूहवादी अशी तुलना 1980 मध्ये मांडली, तीच आकडेवारी आजही जिथे तिथे दाखवतात. पण ती देशांची सरासरी आहे. तिच्यावरून एकेका माणसाचा स्वभाव ठरवू नये, हे हॉफस्टेड स्वतःच सांगत. तुमची मुलगी ही कुठल्याच देशाची सरासरी नाही.

आता तुमचं वाक्य: ‘आम्ही तिच्या भल्याचंच ठरवलं होतं.’ इंग्रजीत ‘वी’ म्हटलं की ऐकणारा त्यात आहे की नाही, हे कळत नाही. मराठीत लगेच कळतं. ‘आपण’ म्हटलं तर समोरचा आत, ‘आम्ही’ म्हटलं तर तो बाहेर. तुम्ही पत्रात अगदी अचूक शब्द वापरलात, ताई. ठरवणाऱ्यांत ती नव्हतीच. उलट ती चिडली असतानाही ‘आपल्याकडे’ म्हणाली.

हा फरक तिला समजावून सांगा, परदेशात वाढलेल्या मुलांच्या कानांवर तो फारसा पडत नाही. पण आधी बाबांनी तिच्या खोलीत जाऊन ‘काय वाचलंस ते मला दाखव’ म्हणावं आणि अर्धा तास मधे न बोलता ऐकावं. काका-आत्यांची मतं तिला जरूर कळू द्या, त्यांनी जग पाहिलंय. ती मतं ऐकून तिने ‘नाही’ म्हटलं, तरी त्या रात्री घरातलं कुणी अबोला धरणार नाही, हे मात्र तुम्ही दोघांनी आधी पक्कं करा. आणि कॉलेजचा अर्ज तिचा तिला भरू द्या. अडलं तर ती विचारेल, तेव्हा शेजारी खुर्ची ओढून बसा.