सध्याच्या मालकाविरुद्धच्या ओव्हरटाइम दाव्यात सामील व्हावं का?

न्यू जर्सीतल्या गोदामात अजून नोकरी चालू आहे आणि दाव्याची नोटीस घरी आलीय, म्हणून विचारताय. आठवड्याच्या ४० तासांवरचा दीडपट पगार खरंच बुडाला असेल तर सामील व्हा, आणि लवकर. १९३८ च्या फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय, वेतन कायद्याखालच्या दाव्यात तुम्ही आपोआप धरले जात नाही. तुमची लेखी संमती कोर्टात दाखल होईल, तिथपासून मागची २ वर्षंच मोजतात. मालकाने जाणूनबुजून बुडवलं असेल तर ३. म्हणजे विचारात घालवलेला प्रत्येक आठवडा या दाव्यातल्या जुन्या थकबाकीतून जातो. सूड म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. तरी सुपरवायझर तोंड फिरवेल, शिफ्ट बदलेल. ते तारखेसकट घरच्या वहीत लिहा. पगाराच्या स्लिपा आजच गोळा करा. सहीआधी वकिलाला विचारा, हरलो तर खर्च कोणाच्या माथी?